साधा चालेल

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, हुबळीच्या केशवापुरातील आमच्या घरी एक खटला उभा राहिला. फिर्यादी आमचे धाकटे चिरंजीव, आरोपी आम्ही आणि न्यायासनावर आमची मंडळी. वादाचा विषय होता संगणक. आणि तोही कचेरीत पत्रे टंकण्याचा नव्हे, तर ज्यावर पळत्या चित्रांचे खेळ खेळता येतात असा.

‘खेळासाठी पन्नास हजार रुपये?’ आम्ही विचारले. कोणत्या स्वरात विचारले, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ज्या माणसाने रेल्वेच्या हुबळी कारखान्याच्या भांडारात तीस वर्षे कारकुनी केली, खिळ्यांपासून डब्यांच्या स्प्रिंगांपर्यंत प्रत्येक नगाची नोंद ठेवली, त्याच्या तोंडी दुसरा स्वर शोभलाही नसता.

‘अहो, त्यातले बावीस हजार त्याचे स्वतःचे आहेत,’ न्यायासनावरून सांगण्यात आले.

ते खरे होते. चिरंजीव धारवाडला पदविकेचे शिक्षण घेतात आणि रोज चिगरी बसने जातात-येतात. दोन वर्षे संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवसांत त्यांनी एका छपाईच्या दुकानात काम केले, लग्नपत्रिकांचे गठ्ठे बांधले आणि पैसा पैसा साठविला. उरलेले अठ्ठावीस हजार आम्ही घालावेत, एवढीच मागणी होती. परंतु ती मागणीही त्यांनी आमच्यापाशी केली नव्हती. आईकरवी केली होती. त्याचे कारण आम्हाला ठाऊक होते, आणि ते सांगितल्यावाचून पुढची हकीगत कळावयाची नाही.

२०२० साली टाळेबंदीत शाळा घरात येऊन बसली, तेव्हा आम्ही चोवीस हजार रुपयांना एक संगणक घेतला. ‘अभ्यासासाठी’ असे आम्ही सर्वांना सांगितले. दुकानदाराने मात्र चिरंजीवांचा चेहरा पाहून ‘आय फाइव्ह आहे, वर चार जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे, खेळही चालतील’ असे हळूच सांगितले, आणि आम्ही ते न ऐकल्यासारखे केले. वर्ष सरले. २०२१ च्या जुलैमध्ये एका पावसाळी संध्याकाळी दिवे दोनदा मंद झाले, एकदा भगभगले, आतल्या खोलीत फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि जळका वास घरभर पसरला. आम्ही धावत गेलो. पडद्यासमोर चिरंजीव बसले होते, आणि त्यांच्या हातात वही नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी पाहून सांगितले की मदरबोर्ड गेला, डिस्क गेली, नवा घेतलेला बरा.

त्या रात्री आम्ही चौदा वर्षांच्या पोराला जे बोललो ते येथे छापण्याजोगे नाही. मथितार्थ एवढाच, की तुझ्या खेळाने बापाच्या चोवीस हजारांची राख केली. तेव्हापासून चार वर्षे त्या मुलाने आमच्यापाशी एक पेनसुद्धा मागितले नव्हते.

असो. न्यायासनाने निवाडा राखून ठेवला आणि हुकूम केला, की आधी यादी पाहावी. चिरंजीवांनी एक कागद आमच्यापुढे ठेवला. कागद हाती आला की आमच्यातला भांडार कारकून जागा होतो; त्याला इलाज नाही. कारखान्यातील मागणीपत्राला उपयोगाचा एक रकाना असे. नग कशासाठी हवा हे त्यात लिहिले नसेल, तर साहेब सही करीत नसत. चिरंजीवांच्या कागदाच्या माथ्यावर ‘उपयोग : खेळ’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते. खोटे एक अक्षर नाही. आम्ही २०२० साली भरलेला रकाना आठवून आम्हाला थोडे चोरट्यासारखे झाले.

मग आठ-दहा रात्री आम्ही दोघे त्या कागदावर बसलो. प्रथम प्रश्न आम्ही विचारावयाचे आणि उत्तर त्यांनी जमिनीकडे पाहून द्यावयाचे, असे चालले. हळूहळू मान वर आली.

पहिला धडा आम्हाला नावांचा मिळाला. ‘आय फाइव्ह’ हे शब्द आम्ही सोन्यावरील छाप्यासारखे मानीत होतो. वस्तुतः इंटेल कंपनी हे नाव २००९ पासून वापरीत आली आहे. पिढ्यांमागून पिढ्या झाल्या, नाव तेच राहिले. आमच्या जळालेल्या संगणकातील प्रोसेसर, म्हणजे सारा हिशेब करणारा मेंदू, तिसऱ्या पिढीचा होता. ती पिढी २०१२ ची. आठ वर्षांचा जुना नग पुसूनपासून आमच्या गळ्यात पडला होता, आणि दुकानदाराने त्यात खोटे असे काहीच सांगितले नव्हते. आम्हीच पिढी विचारली नव्हती. ‘चार जीबीच्या कार्डा’चीही तीच कथा. ते जीटी ७३० जातीचे, २०१४ साली निघालेले. जीबीचा आकडा म्हणजे गोदाम किती मोठे आहे ते. त्या गोदामातून माल किती वेगाने बाहेर पडतो हा प्रश्न निराळा. त्या जातीच्या निरनिराळ्या कार्डांतून सेकंदाला सुमारे १४ ते ४० गिगाबाइट माहिती ये-जा करू शकते. चिरंजीवांच्या यादीतील आरएक्स ६६०० या कार्डात हा आकडा २२४ आहे. गोदाम मोठे आणि दरवाजा मांजराचा, असा आमचा मागील सौदा होता.

‘मग याहूनही मोठे कार्ड का नको?’ आम्ही विचारले. माणूस एकदा खर्चाला तयार झाला की त्याचा हात सुटतो, हा अनुभव नवा नाही. चिरंजीवांनी भिंतीशी ठेवलेल्या जुन्या पडद्याकडे बोट दाखविले. त्या अपघातातून तेवढा पडदा वाचला होता. तो आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके दाखवितो, आणि सेकंदाला ६० चित्रांहून अधिक दाखवू शकत नाही. कार्डाने सेकंदाला दीडशे चित्रे काढली, तरी नव्वद वाया जाणार. तेव्हा आधी पडदा पाहावा आणि त्यावरून कार्ड ठरवावे, असा त्यांचा क्रम होता. आरएक्स ६६०० हे कार्ड ऑक्टोबर २०२१ मध्ये याच मापाच्या पडद्यासाठी म्हणून बाजारात आले होते. त्याच्या पोटात ८ जीबीची स्मृती आहे आणि ते १३२ वॅट वीज खाते. किंमत मात्र वीस हजार सहाशे. म्हणजे एकूण रकमेच्या पाच रुपयांतील दोन रुपये एकट्या कार्डाचे. खेळाच्या संगणकात हेच योग्य, असे त्यांनी सांगितले; कारण चित्र रंगविण्याचे बहुतेक कष्ट कार्डच करते. हिशेबाच्या वा लेखनाच्या संगणकात हीच वाटणी शुद्ध उधळपट्टी ठरली असती.

जुनी कार्डे स्वस्तात मिळत होती, तो मोहही आम्हाला पडला. परंतु त्यामागे एक इतिहास आहे. २०२० ते २०२२ या काळात आभासी नाणी ‘खणण्या’साठी लोकांनी हजारो कार्डे रात्रंदिवस राबविली आणि खेळणाऱ्यांना ती दुप्पट भावानेही मिळेनात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या नाण्याची पद्धत बदलली, कार्डांनी खणणे संपले आणि ती राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. सगळीच खराब असतील असे नव्हे. पण कोणते कार्ड किती जळते आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, आणि बिलाशिवाय हमीही नाही. आम्ही नवेच घ्यावे असे ठरले.

प्रोसेसरच्या बाबतीत आम्हा दोघांचे मत जुळावयास दोन रात्री लागल्या. आमचा विचार असा, की रायझन ५ ५६००जी घ्यावा. त्याच्या पोटातच चित्रे काढण्याची सोय आहे. कार्ड पुढच्या वर्षी घेता येईल. खरेदीचे हप्ते पाडणे आम्हाला नेहमीच आवडते. चिरंजीवांना नुसता ५६०० हवा होता. त्यात चित्रांची सोय नाही, पण जवळची स्मृती, जिला कॅश म्हणतात, ती जीच्या दुप्पट, १६ च्या ठिकाणी ३२ एमबी आहे, आणि कार्डाशी बोलण्याचा मार्गही नव्या जातीचा आहे. कार्ड घ्यावयाचेच असेल, तर जीच्या पोटातील सोयीचे पैसे फुकट. दोघांतही सहा गाभे आहेत. शेवटी त्यांचे म्हणणे मान्य झाले.

मदरबोर्डाचा प्रश्न मात्र आम्हाला चटकन समजला, आणि त्याचे श्रेय रेल्वेला. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिची मापे ठरलेली असतात. एएमडी कंपनीची जुनी खोबण एएम४, २०१६ पासूनची. नवी एएम५, २०२२ पासूनची. एकीचा प्रोसेसर दुसरीत बसत नाही, आणि रॅमही निराळी लागते. १९९० च्या दशकात आमच्या भागातील मीटर गेज रूळ उखडून ब्रॉड गेज टाकले गेले, तेव्हा भांडारातील किती चाके आणि किती आस निरुपयोगी झाले हे आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. ‘म्हणजे आपण मीटर गेजवर पैसे घालतो आहोत!’ आम्ही म्हणालो. चिरंजीव प्रथमच हसले. ‘होय पप्पा. पण आपल्या गावापर्यंत गाडी त्यावरूनच स्वस्तात जाते.’ नव्या खोबणीचा बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम घेतले असते, तर कार्डासाठी पैसे उरले नसते. हा तोटा जाणून-बुजून पत्करला. एक दक्षता तेवढी घ्यावी लागली. बी४५० जातीचे बोर्ड २०१८ चे आणि आमचा प्रोसेसर २०२२ चा. बोर्डाची मूळ आज्ञावली, जिला बायोस म्हणतात, ती जुनी असेल, तर नव्या पाहुण्याला तो ओळखत नाही. दुकानदाराकडून ती नवी करून घ्यावी, असे आम्ही कागदावर तांबड्या पेन्सिलीने लिहून ठेवले.

तांबडी पेन्सिल आमच्या नोकरीतील सवय आहे. ती पुढे आडवी येणार होती.

रॅम आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या. सोळाची एक घेऊ नये, कारण दोन पट्ट्या म्हणजे दुहेरी मार्ग. साठवणीसाठी ५०० जीबीची एसएसडी. एकेक खेळ शंभर जीबी जागा खातो हे ऐकून आम्ही थक्क झालो, पण पैसे तेवढेच होते. कॅबिनेट, म्हणजे पेटी, रंगीत दिव्यांवाचूनची. इथवर सारे बिनबोभाट झाले. मग यादीतील शेवटची ओळ आली : एसएमपीएस, ५५० वॅट, चार हजार तीनशे रुपये.

एसएमपीएस म्हणजे भिंतीतील वीज घेऊन ती बाकीच्या भागांना मानवेल अशी करून वाटणारी पेटी. तिच्यावर पडदा नाही, दिवा नाही. तिने खेळ एक तसूभरही वेगाने पळत नाही. ती पाठीमागे बसते आणि पंखा फिरवते. पलीकडच्या गल्लीत तशीच पेटी सातशे रुपयांना मिळते, आणि तिच्यावरही ‘५००’ असे ठसठशीत लिहिलेले असते. आम्ही पेन्सिल उचलली आणि म्हणालो, ‘साधा चालेल.’

चिरंजीव काही बोलले नाहीत. आमच्या हातातील पेन्सिलीकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, ‘पप्पा, माळ्यावर जुना संगणक आहे ना? त्याच्या एसएमपीएसवरची पाटी एकदा वाचा. मोठा आकडा नको. बारा व्होल्टच्या खाली अँपिअर किती लिहिलेत ते बघा.’ आणि ते उठून झोपावयास गेले.

साधा नगही वर्षभर चालला होता हे सिद्ध करण्यासाठीच आम्ही त्या रात्री शिडी लावली. धूळ झटकली, स्क्रू काढले, चष्मा पुसून पाटी वाचली. वर मोठ्या अक्षरांत ४५०. खाली बारीक अक्षरांत, बारा व्होल्टसमोर, १४ अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांचेही मुख्य अन्न ही बारा व्होल्टची वाहिनी. बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट. साडेचारशे सांगून एकशे अडुसष्ट वॅट देणारी पेटी. आणि तेही पाटी खरे बोलत असेल तर. हातात घेतली तर खेळण्यासारखी हलकी. त्यात जास्तीचा दाब आला असता वीज तोडण्याची व्यवस्था असावी असे तिच्या वजनावरून तरी वाटेना. अशा पेटीवर आम्ही प्रोसेसर आणि कार्ड यांचा भार घातला होता, आणि वर जुलैच्या वादळी पावसात विजेचा चढउतार.

दुकानदाराने फसविले, हा पहिला विचार आमच्या मनात आला, आणि त्याने बरेही वाटले. आमच्यापाशी प्रत्येक खरेदीची फाइल असते. २०२० ची फाइल काढली. दुकानदाराने दिलेले दरपत्रक त्यात होते. आठव्या ओळीत एका नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस लिहिला होता, दोन हजार चारशे पन्नास रुपये. त्या ओळीवर तांबड्या पेन्सिलीची रेघ होती. शेजारी साडेसहाशे हा आकडा, आणि त्याखाली आमच्या वळणदार अक्षरांत दोन शब्द : साधा चालेल.

त्या अठराशे रुपयांच्या बचतीबद्दल त्या वेळी आम्ही घरी फुशारकी मारल्याचेही आम्हाला आठवले.

वाचकहो, ती रात्र आम्ही कशी काढली ते सांगत नाही. सकाळी मंडळींना कागद दाखविला. त्यांनी वाचला, चहाचे भांडे खाली उतरविले आणि एवढेच म्हणाल्या, ‘मला कशाला दाखवता?’

चिरंजीव बसला निघण्याच्या गडबडीत होते. आम्ही तो कागद त्यांच्यापुढे धरला. बापाने मुलाची क्षमा मागण्याची रीत आमच्या घराण्यात कोणी पाडलेली नाही. शब्द कोणते वापरावेत हे ठाऊक नव्हते. ‘तू जाळला नाहीस. मी जाळला,’ एवढे आम्ही म्हणालो. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. त्यांचे कान लाल झाले. बराच वेळ ते बुटांची नाडी बांधीत राहिले. मग म्हणाले, ‘बस चुकेल,’ आणि गेले.

संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी यादीचा कागद पुन्हा आमच्यापुढे पसरला आणि विचारले, ‘पप्पा, दुकानात कधी जायचं?’ चार वर्षांनंतर ही पहिली गोष्ट त्यांनी आमच्यापाशी थेट मागितली.

खरेदी कोठे करावी यावरही विचार झाला. बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर भाव काहीसे कमी पडत होते. पण जाण्या-येण्याचा खर्च आणि दोन दिवस धरले, तर फरक उरत नव्हता. टपालाने मागविण्यातही लाभ होता. परंतु ज्या दुकानाच्या पायरीवर जाऊन ‘हे चालत नाही’ असे कानडीतून सांगता येते, त्या दुकानाची किंमत दरपत्रकात दिसत नाही. कोप्पीकर रस्त्याच्या बाजूला तीन दुकाने फिरलो. एका ठिकाणी आम्हाला ‘तयार गेमिंग सेट’ दाखविण्यात आला. काचेची बाजू, आत सप्तरंगी दिवे, भाव बेचाळीस हजार. चिरंजीवांनी एसएमपीएसची पाटी पाहावयास मागितली. विक्रेत्याने विषय बदलला. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि बाहेर आलो.

अखेरीस एका ठिकाणी सौदा ठरला. प्रोसेसर नऊ हजार नऊशे, बोर्ड सहा हजार दोनशे, रॅम तीन हजार तीनशे, कार्ड वीस हजार सहाशे, एसएसडी तीन हजार शंभर, एसएमपीएस चार हजार तीनशे आणि पेटी एकोणीसशे. एकूण एकोणपन्नास हजार तीनशे. हे त्या आठवड्यातील भाव. ते धरून कोणी दुकानदाराशी भांडू नये. वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव दुपटीच्याही पुढे गेले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांकडे कारखान्यांचा माल वळला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशल हा व्यवहार बंद करण्याचे जाहीर केले. आम्ही सहा महिने घोळ घातला असता, तर हाच कागद पन्नास हजारांत बसला नसता.

पक्के बिल घेतले. प्रत्येक नगाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेतला. बोर्डाचा बायोस समोर नवा करून घेतला. नव्या एसएमपीएसची पाटीही वाचली : बारा व्होल्टवर ४५ अँपिअर. बारा पंचेचाळीस पाचशे चाळीस. शिवाय पाच वर्षांची हमी. पेटी हातात घेतली तर हात खाली गेला, आणि खरे सांगतो, फार बरे वाटले.

जोडणी घरीच, जेवणाच्या मेजावर झाली. विजेचा सूक्ष्म झटका बसू नये म्हणून अधूनमधून पेटीच्या धातूला हात लावावयाचा, असा नियम होता. प्रोसेसरच्या खाली केसांसारखे १३३१ पाय आहेत. कोपऱ्यातील सोनेरी त्रिकोण खोबणीच्या त्रिकोणाशी जुळविला की तो आपल्या वजनानेच आत बसतो. जोर लावावयाचा नाही. चिरंजीवांनी तो ठेवला तेव्हा आम्ही श्वास रोखून विजेरी धरून उभे होतो. पंखा बसला, रॅम टक् करून बसली, तारा मागच्या बाजूने ओढून बांधल्या. शेवटची पडद्याची तार लावण्याचा मान आम्हाला मिळाला.

बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळा.

आमच्या पोटात गोळा आला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. रॅम काढून बसविली. पडदा काळाच. अर्धा तास असा गेला. चिरंजीवांच्या कपाळावर घाम होता, पण तोंडातून एकही कडू शब्द नव्हता. मंडळी पदराला हात पुसत आल्या, मागच्या बाजूला वाकल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, ही भोके वर एक आणि खाली तीन आहेत. तुम्ही वरच्यात का घातली?’

वरचे भोक मदरबोर्डाचे होते. आमच्या प्रोसेसरच्या पोटात चित्रांची सोय नाही, हा मुद्दा आम्हीच दोन रात्री घासला होता. मग त्या भोकातून चित्र येणार कोठून? तार कार्डाच्या भोकात घातली आणि पडदा उजळला. चूक आमची होती. चिरंजीव इतके हसले की त्यांना खुर्चीवर बसावे लागले.

रॅमच्या पाकिटावर ३२०० लिहिलेले असले, तरी आपण सांगेपर्यंत ती कमी वेगानेच धावते. बायोसमध्ये जाऊन ती आज्ञा देण्याचे काम त्यांनी आमच्याकडून करविले. आता खोटे का बोला, आम्हाला ते काम खेळापेक्षा आवडले. खेळ एकदा खेळून पाहिला. आमची मोटार पहिल्याच वळणावर समुद्रात गेली.

शेजारच्या एका वृद्ध स्नेह्यांनी आम्हाला ‘घरात जुगार आणला’ असे बोलून दाखविले. पैसे लावून खेळावयाच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, आणि नुसत्या करमणुकीचे खेळ त्यातून वगळले, असे आम्ही त्यांना समजावून सांगितले. त्यांचे समाधान झाले असे वाटत नाही. रात्री साडेदहाला बटण बंद, हा नियम आमच्या घरी अजून चालू आहे आणि त्यावरून अजून वादही होतात.

उरलेल्या सातशे रुपयांत वीजतंत्री बोलावून त्या खोलीतील सॉकेटची अर्थिंग तपासून घेतली. ती तार भिंतीत होती, पण पुढे कोठेच जोडलेली नव्हती. जुन्या घरांत बहुधा असेच असते. आपल्या खेड्यांतील घरांतूनही एकदा पाहून घ्यावे.

जुलै आला. एका संध्याकाळी उणकल तळ्याच्या बाजूने काळे ढग चढले, पाऊस कोसळला आणि ओसरीतला दिवा दोनदा मंद झाला. आमच्या हातातील वर्तमानपत्र खाली आले. आम्ही उठलो नाही. नुसता कान दिला. दिवा एकदा भगभगला आणि स्थिर झाला.

आतल्या खोलीतून हाक आली, ‘पप्पा, चालू आहे.’